घरामागे मधमाश्यांच्या पेट्या: शेजाऱ्यांना सांगायचं की विचारायचं?

शेवग्याखालची
जुळे सोलापुरात आमचं बैठं घर आहे. मागच्या चार हात जागेत शेवग्याखाली दोन वर्षांपासून सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाशीच्या, दोन पेट्या आहेत. पहिला मध निघाला तेव्हा आजूबाजूच्या सहा घरांत वाटी-वाटी दिला. सगळ्यांनी कौतुक केलं. यंदा एप्रिलात पलीकडच्या काकूंनी दोरीवरची पांढरी चादर आणून माझ्यासमोर धरली. मोहरीएवढे पिवळे ठिपके, वाळून घट्ट बसलेले. माश्यांची विष्ठा ती. शिवाय त्यांच्या टाकीच्या गळक्या कॉकवर भर दुपारी पंधरा-वीस माश्या पाणी प्यायला बसलेल्या असतात. काकू एवढंच म्हणाल्या, "पेट्या आणल्यास तेव्हा सांगितलंस ग, विचारलं नव्हतंस."

ते मनाला लागलं. आता माझं मत असं झालंय की माशी किलोमीटरभर फिरते, तिला कुंपण कळत नाही. म्हणून पेटी माझी असली तरी निर्णय गल्लीचा. एक जण जरी नको म्हणाला तरी पेटी हलवायची. तुम्हाला काय वाटतं?

मोहोळचा डाळिंबवाला
ताई, हे काय पटलं नाही बघा. एकाच्या नकोवर हलवायच्या म्हटलं तर शहरात पेटी म्हणून राहायची नाही. मी बहाराला पेट्या भाड्यानं आणतो. माश्या असल्या की सेटिंगला, म्हणजे फुलाचं फळ धरायला, फरक पडतो, हे डोळ्यानं बघितलंय. शेजारच्या रानात दुपारी औषध मारलं तर माझ्या माश्या मरतात, म्हणून त्याला संध्याकाळी मार म्हणून हात जोडतो. तो ऐकतो. त्याच्या फुलावर माझ्याच माश्या जातात, हे त्यालाही माहीत आहे. दोघांनी थोडं थोडं सोसायचं, त्यालाच शेजार म्हणायचं. परवानगी कुठं मागत बसायची?

होटगी रोड
दादा, रानात दोन घरांत अंतर असतं. माझ्या मुलाला दोन वर्षांपूर्वी मधमाशी चावली. दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला. अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं म्हणून तो आहे. शेजाऱ्याच्या घरात असं कोणी आहे का, हे विचारल्याशिवाय कसं कळणार? आणि ताई, रागावू नका, पण मधाच्या त्या वाटीबद्दल बोलतो. वाटी घरात आली की तोंड उघडत नाही. काकूंनी दोन वर्षं काढली ती भिडेपोटी. मध द्यायचा तर आधी विचारा, मग द्या.

मेणपोळं
मी बारा वर्षं सातेरी पाळतोय. लोकांच्या मनातली भीती आग्या मोहोळाची असते आणि ती सातेरीच्या माथी बसते. सातेरी उगाच अंगावर येत नाही. पण चूक पाळणाऱ्याचीही होते. आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो आणि पिलाव्याला, म्हणजे अंडी-अळ्यांना, पेटीत ३५ अंशांच्या आसपास लागतं. माश्या पाणी आणून, पंख हलवून पेटी गार ठेवतात. ते पाणी तुमच्या अंगणात नसेल तर काकूंच्या कॉकवर जाणारच. फेब्रुवारीतच परातीत खडे आणि ओलं गोणपाट ठेवा. एकदा जागा धरली की सहज सोडत नाहीत. कॉक तुमच्या पैशानं बदलून द्या. पेटीच्या तोंडासमोर सहा-सात फूट उंच हिरवी जाळी लावा, म्हणजे माश्या वर उठून जातील. रात्री मागचा दिवा बंद. हे केल्यावर काकूंकडे एक उन्हाळा मागा. लगेच हलवू नका.

पूर्व भाग
आमच्याकडे भिंतीला भिंत लागलेली आहे, मागची जागाच नाही. तिथं पेटी नकोच, विचारूनही नको. पण एक सांगते. आमच्या टाकीखाली आग्या बसलं तेव्हा सगळ्यांनी मिळून रात्रीत जाळायला लावलं. सकाळी खाली मेलेल्या माश्यांचा सडा होता, झाडून पोत्यात भरला. तेव्हा कोणीच कोणाला विचारलं नाही. निर्णय गल्लीचा म्हणता, तर तो असाही होतो.

शेवग्याखालची
पूर्व भाग, हे वाचून गप्प बसले मी. याला माझ्याकडे उत्तर नाही.

बाकीचं सांगते. कॉक बदलला. तरी चार दिवस माश्या त्या कोरड्या नळावर येऊन फिरत होत्या, मग कमी झाल्या. परात भरतेय, पाणी चार-पाच दिवसांआड येतं, पण तांब्याभर यांच्यासाठी निघतं. होटगी रोड, तुमचं पटलं. यंदाची वाटी कोणाकडे नेली नाही. आधी सहाही घरी जाऊन विचारलं. एका घरात आजोबांना दमा आहे, हे मला दोन वर्षं माहीत नव्हतं.

मेणपोळं
आणि काकू काय म्हणाल्या?

शेवग्याखालची
राहू दे म्हणाल्या नाहीत, हलवही म्हणाल्या नाहीत. कपडे आता पुढच्या दारी वाळत घालतात. दोरी त्यांनी स्वतःच बांधली, मला न सांगता. ते मी उत्तर धरलं. एक पेटी हलवते.

मोहोळचा डाळिंबवाला
मत माझं तेच आहे, पण बांधावर लिंबाखाली जागा आहे. रात्री तोंड बंद करून आणा. मी जागा राहतो.