गेलिक गाणी आणि टिनची शिट्टी : खरंच काही आहे त्यात, की नुसता धुक्याचा माहोल?

लिफीकाठचा
मंडळी, डब्लिनला येऊन सहा वर्षं झाली, आयरिश संगीत म्हणजे टेंपल बारमध्ये टुरिस्टांपुढे तीच ती चार गाणी असं डोक्यात पक्कं बसलेलं. गेल्या महिन्यात ऑफिसातला एक मित्र त्याच्या गावी घेऊन गेला, पश्चिम किनाऱ्यावर कॉनेमारात, कार्नाच्या बाजूला. गाव म्हणजे काय, दगडी कुंपणं, खाडी आणि मधूनमधून घरं. रात्री पबमध्ये बसलेलो, गलका चालू होता, अचानक कुणीतरी एका म्हाताऱ्याला म्हणालं "अबर अवरॉन" आणि त्याने खुर्चीतच बसून, टोपी पुढे ओढून, डोळे मिटून गायला सुरुवात केली. साथ नाही, तंबोरा नाही, टाळ्या नाहीत. शेजारच्या माणसाने त्याचा हात हातात घेतला आणि ओळीच्या लयीत हळूहळू गोल फिरवत राहिला, विहिरीचा रहाट फिरवतात ना तसा. सगळा पब चिडीचूप, मधूनच कुणीतरी पुटपुटायचं "मो ख्योल हू", म्हणजे आपल्याकडच्या "क्या बात है" सारखंच काहीतरी. आणि शेवटची ओळ त्याने गायलीच नाही, नुसती बोलला, साध्या आवाजात, आणि ग्लास उचलला. संपलं.

याला शान-नोस म्हणतात, म्हणजे जुनी पद्धत. मला एक शब्द कळला नाही, मित्र म्हणाला कुणीतरी बुडाल्याचं गाणं आहे, पण घसा दाटून आला हे खरं. नंतर कळलं की "अबर अवरॉन" चा शब्दशः अर्थ "गाणं म्हण". इंग्रजीत गाणं सिंगच करतात पण त्यांच्यात गाणं म्हणतात, आपल्यासारखंच! माझं मत असं झालंय की हे सगळं टिकलंय ते याच्यामुळेच, की ती मैफल नाहीच, तो बोलण्याचाच एक प्रकार आहे. काय वाटतं?

खडूस_काका
वाटतं असं की दोन पाइंट झाल्यावर कुणीही डोळे मिटून काहीही म्हटलं तरी घसा दाटतो :)

गंमत सोडा. "टिकलंय" म्हणजे काय ते आधी ठरवा. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडात शाळा-कॉलेजाबाहेर रोज आयरिश बोलणारे जेमतेम ७२ हजार निघाले. येते म्हणणारे १८ लाखांवर, पण येते म्हणायला काय जातंय, आपल्याला पण शाळेतलं संस्कृत "येतं". ज्या भाषेत गाणं "म्हणायचं" ती भाषाच घरात नसेल तर तुमचा तो म्हातारा गेल्यावर काय उरणार?

आणि त्याच कार्नाचं उदाहरण घ्या. जो हीनी, जन्म १९१९, शान-नोसचा सगळ्यात मोठा गायक म्हणतात. पोटासाठी देश सोडला आणि न्यूयॉर्कला एका बिल्डिंगमध्ये दरवान म्हणून उभा राहिला. लिफ्टने वरखाली करणाऱ्यांना पत्ता नसणार की दार उघडणाऱ्याच्या पोटात शेकड्यांनी गाणी आहेत. १९८२ मध्ये अमेरिकेने त्याला राष्ट्रीय फेलोशिप दिली, सिॲटलच्या विद्यापीठाने शिकवायला बोलावलं, १९८४ मध्ये तिकडेच वारला. याला अपील म्हणायचं? मातीतली कला मातीने पोसली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

चिंचगुळ
काका तुम्ही ना प्रत्येक ठिकाणी मयताची बातमी घेऊन येता. दरवान होता म्हणून गाणं कमी झालं का? उलट ते कधी धंद्याचं नव्हतंच, म्हणून धंदा बुडाला तरी ते बुडलं नाही, असं मी म्हणेन.

माझं वेगळंच वेड आहे, स्कॉटलंडच्या लुइस बेटावरची गेलिक स्तोत्रं (तिकडचं गेलिक म्हणजे आयरिशची बहीणच). वाद्याची साथ नाहीच, ऑर्गनसुद्धा नाही. एक जण पुढे उभा राहून ओळ टाकतो आणि मागून सगळी मंडळी ती उचलतात, पण एका ठोक्यात नाही, जो तो आपल्या गतीने, आपल्या हरकती घेत. शंभर माणसं आणि शंभर वाटा, पण सूर एकच. पहिल्यांदा हेडफोनवर ऐकलं तेव्हा मला वाटलं लॅपटॉप बिघडला, मग लक्षात आलं की हे असंच असतं, लाट येते आणि तुमच्या अंगावरून जाते. मी नास्तिक आहे, गेलिकमधलं ओ की ठो कळत नाही, तरी रात्री लावते.

खडूस_काका
बघा, तुम्हीच माझं काम सोपं केलंत. भाषा कळत नाही, देव मानत नाही, तरी आवडतं. मग आवडतं काय? घुमणारा आवाज! १९८२ मध्ये क्लॅनाड या आयरिश बँडने एका टीव्ही मालिकेला आयरिशमधलं गाणं दिलं, थरावर थर आवाज, खाली सिंथेसायझर, आणि तेव्हापासून जगाच्या कानात गेलिक म्हणजे धुकं, समुद्र आणि लांबून येणारी बाई. स्पाच्या रिसेप्शनला तेच वाजतं. नंतर तो जहाज बुडायचा पिक्चर आला आणि टिनची शिट्टी (पत्र्याची छोटी बासरीच म्हणा) वाजली की रडायचं हे ठरूनच गेलं.

आणि शिट्टीचं "प्राचीन" म्हणून जे कौतुक चालतं ना, ती इंग्लंडच्या कारखान्यातली वस्तू आहे. रॉबर्ट क्लार्क नावाचा सफकमधल्या खेड्यातला माणूस, १८४३ मध्ये टिनचा पत्रा गुंडाळून त्यात लाकडाची गुडदी बसवून विकायला लागला, सामान घेऊन मँचेस्टरला गेला, तिकडे धंदा चालला. स्वस्त म्हणून आयर्लंडात पसरली. कसले केल्ट आणि कसलं काय.

सहा_भोकं
शिट्टीचा विषय निघाला म्हणून लिहितोय नाहीतर मी वाचनमात्र माणूस.

काकांचं क्लार्कबद्दल बरोबर आहे पण अर्धं. पत्रा १८४३ चा, शिट्टी त्याची नव्हे. डब्लिनमध्ये खोदकामात हाडाच्या शिट्ट्या सापडल्यात, बाराव्या शतकातल्या. पण मला तो वादच फालतू वाटतो. हार्मोनियम कुठून आली? मग भजनं काय फ्रेंच झाली का? वस्तू कुणाची यापेक्षा बोटं काय करतात ते बघा ना.

मी सांगलीत असताना आठ-दहा वर्षं बासरी वाजवली आहे, गुरूंकडे बसून, त्यामुळे शिट्टी हातात आल्यावर पहिले दोन महिने मी तिला शिव्याच दिल्या. भोकं सहा, बासरीसारखीच, म्हटलं दोन दिवसांत येईल. कसलं काय! बासरीला तुम्ही ओठाने सूर घडवता, फुंक तिरकी केली की सूर वळतो, शिट्टीत हवेची वाट आधीच कापून ठेवलेली, फुंकलं की सूर हजर, तुमच्या हातात फक्त जोर. हळू फुंका खालचं सप्तक, जोरात फुंका वरचं, आणि मधे कुठेतरी ती किंचाळते. मींड घ्यायला गेलो तर हसल्यासारखा आवाज.

मग करायचं काय, तर बोटांनी सूर तोडायचा. एकच सूर दोनदा हवा असेल तर आपण जीभ मारू, ते लोक वरचं एक बोट क्षणभर उचलतात, इतकं झटकन की तो वेगळा सूर म्हणून ऐकूच येत नाही, नुसती चिमटी बसते. त्याला कट म्हणतात, खालच्या बोटाने टपली मारली की टॅप, आणि दोन्ही मिळून एका लांब सुराचे तीन तुकडे केले की रोल. हे सगळं बॅगपाइप्सवरून आलंय, कारण तिथे हवा पिशवीतून वाहतच असते, जीभ मारायची सोयच नाही. म्हणजे अडचणीतून निघालेली युक्ती आणि तीच पुढे त्या संगीताचा चेहरा झाली. मेरी बर्गिनचं १९७९ चं रेकॉर्डिंग ऐका, जीभ आणि बोटं अशी मिसळलीत की कुठे काय केलं ते शोधत बसावं लागतं. आणि मग क्लेअर काउंटीच्या मिको रसेलला ऐका, डूलिनचा शेतकरी, सूर मोजके, घाई नाही, श्वास घ्यायला सूर गाळतो आणि गाळलेली जागाच छान वाटते. दोघांची शिट्टी तीच, काही पाउंडांची. मला तरी अपील हेच वाटतं, वस्तू एवढी फुटकळ की लपायला जागाच नाही.

रानमेवा
सहा_भोकं, सुंदर प्रतिसाद, अजून लिहीत जा.

पण मी आज काकांच्या बाजूने आहे, थोडी. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर बायकांची कापड बडवायची गाणी असायची. हातमागावरून काढलेलं लोकरी कापड शिळ्या लघवीत भिजवायचं (हो, घरोघरीची साठवलेली, रंग पक्का बसायला आणि तेल निघायला) आणि फळीभोवती बसून आठ-दहा बायकांनी ते आपटत, सरकवत शेजारणीकडे द्यायचं, तासन्‌तास. एक बाई ओळ म्हणणार, बाकीच्या अर्थ नसलेलं धृपद, आणि एकदा म्हटलेलं गाणं त्या बैठकीत परत म्हणायचं नाही, अशुभ. हे वाचलं तेव्हा मला जातंच आठवलं. माझी आजी मुळशीची, तिच्या ओव्या पहाटे जात्याशिवाय निघतच नसत, कुणी दुपारी म्हण म्हटलं की म्हणायची "हात रिकामे असले की तोंडात येत नाही गं". गिरणी आली, जातं फिरायचं थांबलं, ओव्या गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून लाखभर ओव्या जमवल्या म्हणून निदान कागदावर आणि टेपवर आहेत. स्कॉटलंडात पण तेच, एडिंबराला १९५१ मध्ये संस्था निघाली, लोक टेपरेकॉर्डर घेऊन बेटाबेटावर गेले. कापड बडवणं कधीच थांबलं, आता तो टुरिस्टांसाठी प्रयोग. मग गाणं टिकलं म्हणायचं का गाण्याचा फोटो टिकला?

चिंचगुळ
रानमेवा, आजीचं वाक्य वाचून एकदम गप्प झाले.

पण ऐक ना, त्याच बडवायच्या गाण्यांपैकी एक, चारेकशे वर्षं जुनं समजतात, ते कॅपरकेली बँडने १९९२ मध्ये बास-बीस लावून काढलं आणि ब्रिटनच्या टॉप ४० मध्ये गेलं, स्कॉटिश गेलिकमधलं पहिलंच. फोटो टॉप ४० मध्ये जात नाही. आणि ज्युली फाउलिस घे, नॉर्थ उइस्ट बेटावरची गायिका, शिट्टीही वाजवते, तिची गाणी ऐकून गेलिक शिकायला लागलेली माणसं मला ऑनलाइन भेटलीत, एक तर जर्मन होता.

खडूस_काका
जर्मन शिकतो, बेटावरचं पोर शिकत नाही. हेच म्हणतोय मी सकाळपासून.

लिफीकाठचा
काका, पोरं शिकतात हो. क्लेअरमधल्या मिलटाउन मॅलबेला विली क्लॅन्सी या पाइपवादकाच्या नावाने १९७३ पासून दर जुलैत आठवडाभर वर्ग भरतात, मी गेल्या वर्षी नुसता बघायला गेलो होतो. गाव केवढंसं, एक मोठा रस्ता. सकाळी शाळेच्या वर्गात, कुणाच्या घरच्या स्वयंपाकघरात, जिथे जागा मिळेल तिथे शिट्टीचे क्लास, आठ वर्षांची पोरगी आणि साठीचा अमेरिकन शेजारी शेजारी, आणि पोरगी त्याला बोट दाखवतेय. दुपारी तीच पोरं फुटपाथवर वाजवत बसतात. नोटेशन जवळजवळ नाहीच, गुरूने दोन ओळी वाजवायच्या, सगळ्यांनी कानाने उचलायच्या. आपल्या गुरुकुलाचं कौतुक आपण फार करतो, पण एवढी पोरं एका रस्त्यावर वाजवताना मी तरी आपल्याकडे पाहिली नाहीत.

गाण्याचं म्हणाल तर भाषेचा मुद्दा मान्य. वाद्याला भाषा लागत नाही म्हणून शिट्टी जपानपर्यंत गेली, आणि शान-नोस मात्र अजून त्याच आयरिश बोलणाऱ्या पाच-सहा भागांत आहे, कॉनेमारा, डोनेगॉल, केरी, वॉटरफर्डचं ते रिंग वगैरे.

रानमेवा
स्पर्धांबद्दल कुणी बोललं नाही अजून. ओरॉख्तस या आयरिश भाषेच्या महोत्सवात शान-नोसची मोठी स्पर्धा असते, कॉर्न ई रीआदा, संगीतकार शॉन ओ रीआदाच्या नावाची, रेडिओवरून ऐकतात लोक. स्पर्धा आली की परीक्षक आले, परीक्षक आले की "बरोबर" गाणं आलं. कॉनेमाराकडे हरकती भरपूर, डोनेगॉलकडे सूर सरळ, ठेका जास्त, आणि हरकतवाल्यांना झुकतं माप मिळतं अशी कुरकुर तिथलेच लोक करतात. मुळात "शान-नोस" हे नावसुद्धा गावातल्या गायकांनी ठेवलेलं नाही, ते भाषेच्या चळवळवाल्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केलं. गावात त्याला नुसतं गाणं म्हणत.

खडूस_काका
वा! म्हणजे शिट्टी कारखान्याची, नाव चळवळीचं, अपील सिंथेसायझरचं. जुनं काय आहे यात मग?

सहा_भोकं
हात धरणं जुनं आहे.

अवांतर: कुणी शिट्टी घेणार असाल तर डी पट्टीची घ्या, सगळे डी मध्येच वाजवतात. स्वस्तातल्या पितळी शिट्टीचे वरचे सूर फाटत असतील तर फेकू नका, मुखाच्या आत हवेच्या वाटेच्या शेवटी खालच्या बाजूला पोकळी राहते, ती ब्लू टॅकने भरा, पोस्टर चिकटवायचा तो निळा चिकट गोळा. वाटाण्याएवढा पुरतो, वर यायला नको. माझी माणसात आली. तरी शेजारच्या जोशी काकू विचारतात की कुकर आहे का.

चिंचगुळ
कुकर =))

खडूस_काका
लिफीकाठचे, एक राहिलं. एवढा घसा दाटला म्हणालात, ते गाणं नक्की कशाचं होतं ते विचारलंत का मित्राला? की माहोल खराब होईल म्हणून नाही विचारलं?

लिफीकाठचा
विचारलं, आज जेवताना. १८२८ ची गोष्ट आहे, गॉलवेजवळच्या तळ्यातली. जुनी होडी, तीसेक माणसं आणि मेंढ्या, सगळे जत्रेला निघालेले. त्यातली बरीच बुडाली. राफ्टेरी म्हणून आंधळा कवी होता, त्याने रचलं, अकरा पुरुष आणि आठ बायका असा हिशोबच दिलाय गाण्यात. मित्र म्हणाला त्यांच्याकडे ते सगळ्यांना पाठ असतं.

खडूस_काका
वादळ?

लिफीकाठचा
नाही, मेंढी. तिचा पाय होडीच्या तळातून आरपार गेला. भोक बुजवायला कुणीतरी कोट कोंबून वरून पायाने दाबला म्हणतात, तर फळीच निघाली.