ड्यू डेट नक्की कुठली धरायची? ॲप, सोनोग्राफी आणि सासूबाई तिघांच्या तीन तारखा

पहिलटकरीण_नाशिक

नमस्कार, पहिलीच वेळ आहे म्हणून प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या. माझी शेवटची पाळी १२ जानेवारीला आली होती, ॲपमध्ये टाकली तर १९ ऑक्टोबर दाखवतंय. १८ मार्चला पहिली सोनोग्राफी झाली तेव्हा बाळ ८ आठवड्यांचं निघालं आणि डॉक्टरांनी फाइलवर २८ ऑक्टोबर लिहिलं. आता जूनमध्ये अ‍ॅनोमली स्कॅन (बाळात काही व्यंग नाही ना ते बघायची पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी) दुसऱ्या सेंटरला केला तर त्या रिपोर्टमध्ये २४ ऑक्टोबर!! आणि सासूबाई पाळी चुकली तिथून नऊ महिने मोजतात, त्या म्हणतात बाळ नोव्हेंबरमध्येच येणार, तुमचं मशीन काहीही सांगूदे. माझी पाळी आधीपासूनच ३५-४० दिवसांनी यायची, त्याचा काही संबंध असेल का?

यंदा, म्हणजे २०२५ ला, लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आहे त्यामुळे दिवाळीत की दिवाळीनंतर हा घरात रोजचा विषय झालाय. मिस्टर सातपूरला कंपनीत आहेत, सासरची द्राक्षबाग दिंडोरीकडे, तिथे ऑक्टोबरात छाटणी, आणि डिलिव्हरी माहेरी सिन्नरला, म्हणजे तारीख कळल्याशिवाय कुणाचंच काही ठरेना. मला ऑफिसला रजेचा अर्जपण द्यायचाय आणि डोहाळजेवण कुठल्या हिशोबाने करायचं तेही आहेच.

दोन_लेकरांची_आई

अगं २८ धर आणि गप्प बस 😄 माझ्या दोन्ही वेळेला तारखेला काही झालं नाही, मोठा १० दिवस आधी, धाकटी ४ दिवस उशिरा. बरोब्बर तारखेला येणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात म्हणे. रजेचं म्हणशील तर कायद्याने २६ आठवडे मिळतात आणि त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे तारखेच्या आधी घेता येतात, म्हणजे २८ धरली तर २ सप्टेंबरपासून. पण अंगात ताकद असेल तर आधी कमी घे, नंतर बाळाजवळ राहायला उपयोगी पडते. डोहाळजेवण श्रावणात करून टाक, २७ ऑगस्टला गणपती बसले की घरात वेळ नसतो आणि नंतर पितृपक्ष.

पंचवटीची_नर्स

मी एका दवाखान्यात ओपीडीला असते, जरा सविस्तर लिहिते. पाळीवरून तारीख काढायची तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात ९ महिने ७ दिवस मिळवायचे, म्हणजेच २८० दिवस, त्यावरून तुझी १९ बरोबर येते. पण हा हिशोब २८ दिवसांच्या पाळीचा, त्यात स्त्रीबीज साधारण चौदाव्या दिवशी सुटतं असं गृहीत धरलेलं असतं. तुझी पाळी लांब म्हणजे बीजच आठ-दहा दिवस उशिरा सुटलं, बाळ राहिलंच उशिरा, ॲपला ते कसं कळणार, तू त्यात पाळी किती दिवसांची हे भरलंच नसशील.

पहिल्या तीन महिन्यांत बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजतात, रिपोर्टमध्ये सीआरएल लिहिलेलं असतं बघ, ८ आठवड्याला साधारण १६ मिलिमीटर. त्या वयात सगळी बाळं जवळपास सारखीच वाढतात म्हणून तेव्हाची तारीख सगळ्यात पक्की, पाच-सात दिवसांचाच फरक. पाळीने तुला त्या दिवशी ९ आठवडे २ दिवस झाले होते आणि बाळ भरलं ८ चं, नऊ दिवसांचा फरक. पाळीच्या हिशोबाने ९ ते १४ आठवड्यांत फरक ७ दिवसांपेक्षा जास्त असेल तर तारीख सोनोग्राफीची घेतात. पुढे पाचव्या महिन्यात डोकं, पोट, मांडीचं हाड मोजतात, तिथे कुणाचं बाळ लांबट कुणाचं बारीक, ते २४ वगैरे मशीन आपोआप काढतं. पहिली तारीख ठरली की ती बदलायची नाही, पुढच्या सोनोग्राफ्या वाढ बघायला असतात.

आणि आता तुला २४ आठवडे झालेत ना, शुगरची टेस्ट राहिली असेल तर करून घे, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात, १४० च्या आत पाहिजे. फाइल नसलेल्या कुणी वाचत असाल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे जा.

सिडकोवाली

नर्सताई म्हणतायत त्यात माझा अनुभव टाकते कारण मी यात पोळलेय. माझीपण पाळी लांब, पहिल्या सोनोग्राफीने तारीख १२ दिवस पुढे गेली होती. आठव्या महिन्यात वेगळ्या सेंटरला गेले (नाव घेत नाही), काउंटरवर शेवटची पाळी विचारली, मी सांगितली, सोनोग्राफीचा एफ फॉर्म भरायला ती लागतेच. पण रिपोर्टचे आठवडेपण त्यावरूनच छापले आणि खाली लिहिलं की बाळ दिवसांच्या मानाने लहान आहे! दोन रात्री झोप नाही, आई रडतेय, नवरा द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमधून फाइल घेऊन धावतोय. आमच्या डॉक्टरांनी पहिला रिपोर्ट काढला, बोटांवर मोजलं, म्हणाल्या बाळ अगदी बरोबर आहे, मोजणी चुकली. उलटंही होतं बरं, दिवस उलटून गेले म्हणून कळा आणायचं इंजेक्शन लावतात आणि बाळाचे दिवस भरलेलेच नसतात.

तू तर सिन्नरला डॉक्टर बदलणार, तेव्हा मार्चचा रिपोर्ट फाइलच्या सगळ्यात वर लाव, आणि कुठेही पाळी विचारली की त्याच दमात सांग, पहिल्या सोनोग्राफीने २८ ऑक्टोबर धरलीय.

बागायतदार_दिंडोरी

ताई, तुमच्या सासऱ्यांना विचारा, त्यांना हे आपल्यापेक्षा आधी समजेल. आम्ही प्लॉटचे दिवस छाटणीपासून मोजतो, पण छाटणीच्या दिवशी काडीवर काहीच नसतं, फूट यायची पेस्ट लावल्यावर डोळा म्हणजे कोंब फुटायला आठ-दहा दिवस जातात. तरी डोळा फुटला नव्हता ते दिवसही हिशोबात धरतोच ना. थंडी पडली आणि फूट उशिरा निघाली तर पुढचं सगळं तेवढंच सरकतं. एका दिवशी छाटलेले दोन प्लॉट एका दिवशी कधी काढायला आलेत?

गोदाकाठची_आजी

सासूबाईंना अगदीच मोडीत काढू नका ग. पंचांगाचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा, असे नऊ महिने म्हणजे २६६ दिवस, आणि बाळ राहिल्यापासून जन्मापर्यंत डॉक्टरही २६६ च धरतात. चूक एवढीच की त्या पाळी चुकली तिथून सुरू करतात, बाळ त्याच्या दोन आठवडे आधी राहिलेलं असतं. आमच्या वेळी कुठली सोनोग्राफी, सुईण पोटावर हात ठेवायची, गर्भाची पिशवी बेंबीपाशी आली की पाचवा महिना. टेप लावून अजून तेच बघतात की.

पंचवटीची_नर्स

आजी बरोबर, २४ आठवड्यांनंतर टेपने जेवढे सेंटिमीटर साधारण तेवढे आठवडे, दोन इकडे तिकडे चालतं. एक राहिलं, तारखेपेक्षा बाळाच्या हालचालीकडे लक्ष दे. २८ आठवड्यांनंतर हालचाल कमी वाटली, पाणी गेलं, रक्त दिसलं, डोकं खूप दुखून डोळ्यापुढे अंधारी आली तर उद्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी जायचं, गाडी नसेल तर १०८ किंवा १०२. आणि २८ उलटली तरी घाबरू नको पण ४ नोव्हेंबरपर्यंत घरात बसूनही राहू नको, तपासणी चालू ठेव.

पहिलटकरीण_नाशिक

सगळ्यांना खूप थँक्यू. शुगर आज झाली, १२८ आली. ॲपमध्ये पाळी ३७ दिवसांची टाकून बघितली तर तेपण गुमान २८ दाखवायला लागलं 😅 सासऱ्यांना बागेचं उदाहरण वाचून दाखवलं, त्यांनी उठून कालनिर्णयवर २८ च्या तीन आठवडे आधीपासून आठवडाभर नंतरपर्यंत, ७ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर अशी पेनाने रेघच ओढली आणि आता त्यात छाटणी कुठे बसवायची म्हणून मजूरवाल्याला फोन करत बसलेत.