मदत हवी आहे: युरोपा युनिव्हर्सालिस ५ मध्ये गोवा जिंकला तरी खजिना रिकामाच

मांडवीपार
राज्य चालवायच्या या कॉम्प्युटर गेमचा जुना चौथा भाग मी भरपूर खेळलोय, त्यामुळे बेसिक शिकवायला बसू नका. खेळायला विजयनगरचं राज्य घेतलंय. गोवा जिंकला, खाली कारवारपर्यंत किनारा घेतला. नकाशा मस्त रंगलाय, पण खजिन्यात खडखडाट. दर महिन्याला आकडा उणे, कर्जावर कर्ज चढतंय. चौथ्या भागात प्रांत घेतला, कोअर केला म्हणजे कायमचा आपला करून टाकला, की पैसे सुरू व्हायचे. इथे गोव्यातून एक पै येत नाही. नेमकं काय दाबायचं ते सांगा. आज रात्रीच खेळायचंय, उद्यापासून परत रात्रीची शिफ्ट आहे.
आणि दुसरं, हा भाग ठेवण्यासारखा आहे की परत करू? निम्मे लोक डोक्यावर घेतायत, निम्मे शिव्या घालतायत.

फोंडेकर_गेमर
साल कोणतं? गोव्यात कंट्रोल, म्हणजे तुझी पकड, किती? कर्जं किती? कर, व्यापार हे ऑटोमेशनवर, म्हणजे गेमवरच सोपवलंयस, की हाताने चालवतोस? स्क्रीनशॉट टाक.

मांडवीपार
साल १३६० च्या पुढे. कंट्रोल म्हणजे तो लाल-हिरवा नकाशा ना? गोवा लाल आहे. स्क्रीनशॉट कुठून टाकू, कामावर आहे मी. उत्तर माहीत असेल तर द्या.

जुनाच_बरा
उत्तर एकच, चौथ्या भागाकडे परत जा. २०१३ चा गेम, ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो, प्रशासन, मुत्सद्देगिरी आणि लष्कर असे तीन प्रकारचे पॉइंट, हिशोब डोक्यात मावतो. पाचव्यात पॉइंट काढून टाकले आणि त्या जागी माणसं, इस्टेट (सरदार, धर्मगुरू असे समाजातले गट), मार्केट, कंट्रोल असा पसारा मांडला. एक आकडा का घसरला ते शोधायला माहितीच्या चौकटीत चौकट, त्यात आणखी चौकट उघडत बसायचं. मला राज्य चालवायचंय, तलाठ्याचं दप्तर नाही.

फोंडेकर_गेमर
@जुनाच_बरा, त्याने अडचण सांगितलीय, त्यावर बोल की. चौथ्या भागात पॉइंट साठले की एका क्लिकमध्ये प्रांताचा विकास व्हायचा. तिथे माणसं आली कुठून, ती खातात काय, याचा पत्ताच नसायचा. पाचव्यात प्रत्येक जागी खरी लोकसंख्या आहे, तीच पिकवते, तीच विकत घेते. मला तर याचसाठी हा भाग हवा होता.

@मांडवीपार, तुझं दुखणं कंट्रोल आहे. जागा तुझ्या रंगाची झाली म्हणजे तुझी झाली असं नाही. राजधानीपासून जितकं लांब, तितकी तुझी पकड ढिली, आणि कराचा हिशोब त्या पकडीच्या प्रमाणात. तुझी राजधानी तुंगभद्रेकाठी, मध्ये अख्खा सह्याद्री. डोंगर आणि जंगल ओलांडताना पकड झपाट्याने पडते. राजधानीपासून घाट उतरून गोव्यापर्यंत सलग रस्ता बांध. मध्ये एक जागा सुटली तरी उपयोग कमी होतो. मोक्याच्या ठिकाणी बेलिफची, म्हणजे राजाच्या स्थानिक अधिकाऱ्याची, इमारत टाक, त्याने तिथल्या तिथे थोडी पकड मिळते.

पेडण्याचा_पोर
दादा, रस्ते बांधायला पैसे लागतात आणि त्याच्याकडे पैसेच नाहीत. नाणी पाड! अर्थखात्याच्या पानावर नाणी पाडण्याचा स्लायडर आहे, तो वर सरकव. पुढच्या महिन्यापासून पैसे.

फोंडेकर_गेमर
आणि महागाई कोण फेडणार? तो स्लायडर वर गेला की महागाई चढते, मग रस्ता, इमारत, सैन्य सगळंच महाग. कर्जात असलेल्या माणसाला असला सल्ला देऊ नकोस.

पेडण्याचा_पोर
मी तसाच खेळतो, माझं काही बिघडलं नाही.

नार्वेकर_काका
मी गेम खेळत नाही, मुलगा खेळतो, त्याने हा धागा दाखवला. पण विजयनगर आणि गोवा म्हटल्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही मुलं जे पडद्यावर करताय ते घडलेलं आहे. बहामनी सत्तेकडून विजयनगरने गोवा घेतला तो माधव मंत्र्याच्या काळात. त्याने सप्तकोटेश्वराची पुन्हा स्थापना केली. गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत ते. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी दिवाडीचं देऊळ पाडलं, देव नदीपलीकडे आमच्या नार्व्याला आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. शिलालेख आजही दारावर आहे.
विजयनगरला गोवा कशासाठी हवा होता? करासाठी नव्हे, घोड्यांसाठी. अरबस्तानातून जहाजाने येणारे घोडे इथे उतरत. १४७२ मध्ये बहामनी वजीर महमूद गावानने गोवा परत बहामनी राज्याला जोडला आणि विजयनगरचं हे बंदर गेलं. तेव्हा गोव्यातून पैसा किती येतो हे बघू नका, काय उतरतं ते बघा.

पेडण्याचा_पोर
काका, भारी माहिती. त्या गेममध्ये पोर्तुगीज येतात का १५१० ला?

फोंडेकर_गेमर
ठरावीक तारखेला नाही. गेम १ एप्रिल १३३७ ला सुरू होतो आणि १८३६ पर्यंत चालतो. पोर्तुगाल समुद्र ओलांडून इकडे येईल की नाही ते त्या डावावर. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५१० मध्ये आधी गोवा घेतला, मग आदिलशहाने हुसकावून लावला, मग २५ नोव्हेंबरला पुन्हा घेतला. तेच तसंच घडावं ही अपेक्षा इथे ठेवू नकोस. बऱ्याच जणांचा राग इथेच आहे. त्यांना इतिहास ओळखीच्या वाटेने जायला हवा असतो.

सिव्ह_वाली_म्हापसा
मग सिव्हिलायझेशन ७ घ्या की. फेब्रुवारी २०२५ मध्ये आला, नंतर त्यात झाशीची राणी लक्ष्मीबाई नेता म्हणून आली. आपली मणिकर्णिका तांबे! चोळ आहेत, मौर्य आहेत. एक डाव पूर्ण होतो तरी.

जुनाच_बरा
त्यावर तर याहून जास्त ओरड झाली. युग बदललं की संस्कृतीच बदलायची. मौर्य म्हणून सुरू करा आणि पुढे भलतंच कोणीतरी व्हा. सहाव्या भागाचे लोक अजून सहाव्यातच आहेत.

सिव्ह_वाली_म्हापसा
मला ते बदलणंच आवडतं. इथल्या मातीवरसुद्धा कदंब, विजयनगर, आदिलशाही, पोर्तुगीज असे थर आहेतच ना? एकच रंग सहा हजार वर्षं घेऊन फिरणं खरं वाटतं का?

मांडवीपार
माझा धागा आहे हा. गोवा. पैसे. काका, तुमची माहिती आवडली, पण कर्ज फिटत नाही तिने. फोंडेकर, रस्ता सुरू करतो म्हटलं तर तेवढे पैसे नाहीत. आता?

मडगावची_राणी
मला एका गोष्टीचं आश्चर्य वाटतं, कोणी सैन्याचं विचारलंच नाही. युद्ध संपलं का? लेव्ही, म्हणजे युद्धापुरती गोळा केलेली फौज, घरी पाठवली का?

मांडवीपार
युद्ध कधीच संपलं. लेव्ही उभीच आहे, सीमेवर. परत कशाला पाठवू, खाली मदुराईची सल्तनत आहे, कधीही चढेल. चौथ्या भागात मी सैन्य कधी मोडायचो नाही.

मडगावची_राणी
तिथेच तुझे पैसे चाललेत. चौथ्या भागातलं सैन्य हवेतून यायचं. इथली लेव्ही म्हणजे तुझ्याच गावांतली माणसं. तू उभी केलीस म्हणजे शेतकरी शेतातून उठून सीमेवर जाऊन बसलाय. तिकडे उत्पन्न बुडतंय आणि इकडे त्यांचा खर्च चालू आहे. मेले तर लोकसंख्येतून कायमचे वजा. एखाद्या जागेवर क्लिक करून लोकांची यादी उघड, लढाईआधी किती होते आणि आता किती आहेत ते दिसेल. मला हा गेम पटला तो ही यादी बघून. जिंकलेल्या लढाईनंतर माझं एक गाव निम्मं झालं होतं आणि त्या गावाला सावरायला कितीतरी वर्षं लागली. युद्धाची किंमत इतकी स्पष्ट मांडणारा दुसरा गेम मी पाहिलेला नाही. लेव्ही मोड. मदुराई चढली तर पुन्हा उभी कर, वेळ मिळतो.

आणि गोव्याचं म्हणशील तर रस्त्याच्या भानगडीत आत्ता पडूच नकोस. तो सगळा किनारा मांडलिक म्हणून सोड. लाल पडलेली जमीन स्वतःकडे ठेवून काही मिळत नाही, मांडलिक निदान खंडणी देतो आणि युद्धात येतो.

फोंडेकर_गेमर
लेव्हीचं शंभर टक्के बरोबर, मीच आधी विचारायला हवं होतं. पण गोवा मांडलिकाला? नाही पटत. बंदर हातचं जातं. बंदराची सोय वाढव, दोन-चार हलकी जहाजं किनाऱ्यावर फिरती ठेव, समुद्रावरची हजेरी वाढली की किनाऱ्या-किनाऱ्याने पकड पुढे सरकते.

मडगावची_राणी
ती पकड राजधानीपासून सुरू व्हायला हवी ना? याची राजधानी घाटावर. पाण्यातून पकड नेण्याचा फायदा किनाऱ्यावर राजधानी असलेल्याला. जहाजांचा खर्च आणखी अंगावर येईल त्याच्या.

फोंडेकर_गेमर
रस्ता आणि जहाजं दोन्ही मिळून म्हणतोय मी. वीस वर्षांचा विचार कर, एका वर्षाचा नको.

मडगावची_राणी
वीस वर्षं टिकायला आधी दिवाळखोरी टळली पाहिजे.

डिचोली_इन्व्हर्टर
आमच्याकडे लाइट सारखी जाते. ऑटोसेव्ह कमी अंतराने ठेवा, नाहीतर डाव गेला. रॅम पण वाढवून घ्या, गेम जड आहे. मी इन्व्हर्टर घेतला, डेस्कटॉपला चांगला चालतो.

मांडवीपार
लाइटचं कोणी विचारलंय?
ब्रेकमध्ये घरी जाऊन बघून आलो. लेव्ही मोडली. महिन्याचा आकडा उण्यातून वर आला, थोडाच, पण आला. म्हणजे आता कर्ज वाढत नाहीय. मांडलिक करणार नाही, गोवा मी सोडत नाही, आधीच सांगतो. रस्ता टप्प्याटप्प्याने घेतो. परत करण्याचं काय?

जुनाच_बरा
स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. तू १३६० पर्यंत पोचलायस, दोन तास कधीच उलटले असतील.

मडगावची_राणी
ठेव. फक्त व्हिडिओ बघताना तारीख बघ. पॅच येत राहतात, आकडे बदलतात, पहिल्या आठवड्यातला सल्ला आज लागू पडेलच असं नाही. आणि पहिल्या डावात व्यापार ऑटोमेशनवरच राहू दे, कर तेवढा हाताने बघ.

जुनाच_बरा
ज्या गेमला चालवायला गेमच लागतो, तो मला नको. पण तुझं मार्गी लागलं हे बरं झालं.

मांडवीपार
ठेवतोय. आता नवीन लफडं. काकांचं वाचून घोडदळ उभं करायला घेतलं, तर घोडे कमी पडतात म्हणून दाखवतंय. गोवा माझ्याकडे आहे, बंदर माझ्याकडे आहे, घोडे का नाहीत?

नार्वेकर_काका
जहाजं येतायत का ते बघा आधी.

फोंडेकर_गेमर
तुझा गोवा कुठल्या मार्केटमध्ये मोडतो? बंदर तुझं असलं तरी मार्केट दुसऱ्याच शहराचं असू शकतं. नकाशा मार्केटवर टाक आणि नाव इथे लिही. आणि या वेळी स्क्रीनशॉट.