शब्दचर्चा: पत्रिकेवर 'साक्षगंध' लिहू की 'साखरपुडा'?

संत्राबर्फी:
भावाच्या लग्नाची पत्रिका मी घरीच करतेय. बाहेरचं पाकीट, आतलं पाकीट, सोनेरी छापाचा गणपती असल्या पत्रिकांवर खर्च नको, तो पैसा जेवणावर लावू, असं घरात ठरलंय. म्हणून एकच जाड कार्ड, ४ बाय ९ इंचाचं, एका बाजूला मजकूर आणि मागे कोरं. १२ बाय १८ च्या छपाईत बरोबर सहा बसतात, कागद वाया जात नाही. साक्षगंधासाठी वेगळं कार्ड नाही, याच पत्रिकेत त्याची एक ओळ आहे: 'साक्षगंध : आदल्या दिवशी सायंकाळी ६ वाजता'.

मुलगी साताऱ्याची. तिच्या काकांना मजकूर पाठवला, तर उत्तर आलं, "साक्षगंध असा शब्द मराठीत नाही, साखरपुडा करा." आम्ही नागपूरचे, आमच्या घरी आजीपासून सगळे साक्षगंधच म्हणतात. दोन्ही शब्द त्या ओळीत मावत नाहीत आणि अक्षर बारीक केलं तर म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही. उद्या संध्याकाळी फाइल छपाईला द्यायची आहे. काय लिहू? आणि साक्षगंध आला कुठून?

सदाशिवपेठी:
साखरपुडा लिहा. कुठे, कधी आणि कशाला यायचं हे पाहुण्याला कळावं म्हणून पत्रिका असते. साखरपुडा नागपुरातही कळतो, साताऱ्यातही कळतो. साक्षगंध फक्त तुमच्याकडे. आमच्या ऑफिसात अमरावतीच्या सहकाऱ्याने साक्षगंधाला बोलावलं, तर एकालाही कशाचं बोलावणं ते उमगलं नव्हतं. शिवाय साखरपुड्याची फोड लख्ख आहे. साखरेचा पुडा हातावर ठेवला, सोयरीक पक्की.

तर्रीपोहा:
ताई, तुम्ही काहून घाबरून राहिल्या? पत्रिका कोनाच्या घरची? नवरदेव नागपूरचा, लग्न नागपूरले, पाहुने अर्ध्याहून जास्त आपल्याच इकडचे. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत लहान पोराले बी साक्षगंध समजते. साताऱ्याच्या मान्साईले नसंल समजत तर एक फोन करून सांगून द्या. कळत नाही म्हून शब्दच नाही, हे कोनतं गणित?

शब्दवेडी:
'मराठीत नाही' हे काकांचं म्हणणं मला मान्य नाही. दोन्ही तुकडे रोजच्या वापरातले आहेत. साक्ष म्हणजे ग्वाही, आणि गंध म्हणजे चंदन उगाळून कपाळी लावतात ते. मुलीकडचे लोक चार नातेवाइकांदेखत मुलाला गंध लावतात, मुलाकडच्या बायका मुलीला कुंकू लावून तिची ओटी भरतात. साक्षीने लावलेलं गंध ते साक्षगंध. गंधाचं महत्त्व आपल्याकडे इतर शब्दांतही दिसतं. सुतकात कपाळाला गंध लावत नाहीत, आणि तेरवीच्या पत्रिकेवर 'गंधमुक्ती' छापलेलं विदर्भात कितीदा तरी पाहिलंय. साखरपुड्यात वस्तूचं नाव आहे, साक्षगंधात विधीचं. मला दुसरा शब्द जास्त नेमका वाटतो.

वाद मिटवायचाच असेल तर 'वाङ्निश्चय' लिहा, म्हणजे शब्द देऊन लग्न पक्कं करणं. दोन्हीकडच्या भटजींना चालेल.

सदाशिवपेठी:
वाङ्निश्चय की वाग्निश्चय? पत्रिकांवर दोन्ही दिसतात.

शब्दवेडी:
दोन्ही बरोबर. पुढे अनुनासिक आलं की 'क्'चा 'ङ्' होणं हे पाणिनीच्या नियमाने ऐच्छिक आहे, न झाल्यास 'ग्' राहतो. 'वाङ्मय'मध्ये मात्र पर्याय नाही, कारण तिथला 'मय' हा प्रत्यय आहे. म्हणून वाग्मय कुणी लिहीत नाही.

जुना कंपोझिटर:
मी छापखान्यात खिळे जुळवायचं काम केलंय, त्या अनुभवावरून सांगतो. बाई, वाङ्निश्चय घेणार असाल तर प्रूफ कागदावर बघितल्याशिवाय छपाईला हो म्हणू नका. ते जोडाक्षर फॉन्टात नसलं की 'ङ'चा पाय मोडलेला दिसतो, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये पुढच्या 'नि'ची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. मोबाइलवर नीट दिसलं म्हणजे मशीनवर नीट येईल असं नाही. पीडीएफ देताना अक्षरं आउटलाइन करून घ्या, म्हणजे तुमचा फॉन्ट त्यांच्याकडे नसला तरी चालतं.

दुसरं म्हणजे कागद. घरच्या प्रिंटरच्या नादी लागू नका, ३०० जीएसएमचं कार्ड बहुतेक घरगुती प्रिंटर आत ओढतच नाहीत. डिजिटल छपाईच्या दुकानात द्या. तुमची घडी नाही ते उत्तम, घडी असती तर आधी क्रीझ मारून घ्यावी लागली असती, नाहीतर दुमडल्या जागी रंग तडकतो.

आमच्या वेळी पत्रिकेचा अर्धा मजकूर जुळवून बांधूनच ठेवलेला असायचा. 'आमचे येथे श्रीकृपेकरून', 'सहकुटुंब सहपरिवार', 'अगत्य येण्याचे करावे'. गिऱ्हाईक आलं की नावं, मिती आणि स्थळ तेवढं बसवायचं. लग्नसराईत तीच ओळ शंभर घरांत जायची, आणि कोणाला ती परकी वाटायची नाही.

सदाशिवपेठी:
तिथेच तर चूक पसरली. 'आमचे येथे' कशाला? 'आमच्या येथे' हवं. शब्दयोगी अव्ययाआधी सामान्यरूप होतं, हे शाळेत शिकवतात. संत्राबर्फी, तुम्ही नव्याने करताय तर सुधारून घ्या.

जुना कंपोझिटर:
जुनी मराठी चाळून बघा. 'त्यांचे घरी', 'आपले कृपेने', 'रामाचे हाती' असंच लिहीत. 'चे' हेही सामान्यरूपच, फक्त जुनं. ते अशुद्ध ठरवायचं असेल तर 'श्रीकृपेकरून'मधला 'करून'ही काढावा लागेल, कारण 'च्यामुळे' या अर्थाने आज तो कोण बोलतं? पत्रिकेची भाषा जुनी असते. लोकांना ती तशीच हवी असते.

तर्रीपोहा:
काका, एकदम बरोबर. माह्या बहिनीच्या वक्ताले 'आमच्या येथे' छापून आनलं, तर आबा म्हने, हे दुकान उघडल्याची जाहिरात वाटून राहिली.

वर्धेची:
मजकूर नव्याने होतोय तर एक सुचवू? वर 'निमंत्रण' ठेवा, 'आमंत्रण' नको. 'काशिका' या जुन्या संस्कृत व्याकरणग्रंथात दोघांतला फरक दिलाय. निमंत्रण म्हणजे ज्याला यावंच लागतं, आणि आमंत्रण म्हणजे यावं की नाही ते येणाऱ्याच्या मर्जीवर. मामाला निमंत्रण, गल्लीला आमंत्रण. आणि 'चि. सौ. कां.' बद्दल काय ठरलं? सौभाग्याची कांक्षा धरणारी, एवढाच मुलीचा परिचय मला तरी पटत नाही. माझ्या मुलीच्या पत्रिकेत आम्ही दोघांनाही नुसतं 'चि.' लावलं होतं. जगो, एवढाच आशीर्वाद, दोघांना सारखा.

संत्राबर्फी:
वहिनीनेही तेच सांगितलंय, दोघांना 'चि.' आहे. जागाही वाचली. काका, आउटलाइनचं लक्षात ठेवते. पण साक्षगंधाचं काय? आणि पत्रिकेच्या खाली साताऱ्याच्या काकांना 'आपले नम्र' हवंय, बाबांनी 'दर्शनाभिलाषी' लिहिलंय.

सदाशिवपेठी:
दर्शनाभिलाषी हे सरळ हिंदी पत्रिकेतून उचललेलं आहे.

शब्दवेडी:
उचललेलं कशाला म्हणायचं? नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. इथल्या मराठी घरांनी हिंदी शेजाऱ्यांच्या लग्नात पिढ्यान्‌पिढ्या वाढपं केली आहेत. 'विनीत' आणि 'दर्शनाभिलाषी' इथे रुजलेत. शब्दही संस्कृत आहेत, तुमच्या 'नम्र'सारखेच. शुद्धतेच्या नावाने आधी विदर्भाचेच शब्द गळतात, हे मी बरीच वर्षं बघतेय, आणि त्याचा मला त्रास होतो.

सदाशिवपेठी:
विदर्भाचा शब्द म्हणून माझा विरोध नाही. उद्या कोल्हापूरच्या पत्रिकेत फक्त तिथेच कळणारा शब्द आला तरी मी हेच सांगेन. प्रमाणभाषा कशासाठी असते? साताऱ्याच्या आजीला आणि नागपूरच्या आजीला एक कागद वाचता यावा म्हणून.

वर्धेची:
मग साताऱ्याला जाणाऱ्या पत्रिकांवर साखरपुडा आणि नागपुरातल्यांवर साक्षगंध छापा. डिजिटलमध्ये ओळ बदलायला वेगळा ब्लॉक लागत नाही.

जुना कंपोझिटर:
होतं. संख्या सांगून दोन फाइली द्यायच्या. पण दोन घरांत दोन पत्रिका फिरल्या की मांडवात कोणीतरी त्या शेजारी धरून बघतंच.

संत्राबर्फी:
आईला दोन फाइली अजिबात चालणार नाहीत. पहिली पत्रिका टेकडीच्या गणपतीपुढे ठेवायची, तर देवापुढे कोणती ठेवायची, असं विचारतेय. आणि तिने आत्ता अजून एक ओळ दिली, 'श्रीमंत पूजन'. ते असंच लिहितात ना?

शब्दवेडी:
नाही, नाही! सीमांतपूजन. सीमा अधिक अन्त. वऱ्हाड गावाच्या शिवेवर आलं की तिथे जाऊन नवरदेवाची पूजा करायची, ते सीमांतपूजन. हे कृपा करून दुरुस्त करा.

तर्रीपोहा:
सगळेच श्रीमंत पूजन म्हनतात. मीच पाच पत्रिका दाखवतो. मंग लोकाईच्या तोंडचा शब्द तो खरा, हे तुम्हीच साक्षगंधाच्या वक्ताले सांगून राहिल्या होत्या.

शब्दवेडी:
दोन्हीत फरक आहे. साक्षगंधाला अर्थ आहे, आणि विधी त्या अर्थाला धरून आहे. श्रीमंत पूजनात विधीचा अर्थच पुसला जातो. नवरदेव श्रीमंत म्हणून त्याची पूजा, असं पुढच्या पिढीने समजायचं का?

तर्रीपोहा:
लग्नाच्या दिवशी नवरदेव राजाच असते. श्रीमंत म्हटलं तर काय बिघडलं?

वर्धेची:
आमच्या गावी आजही शिवेवरच्या मारुतीच्या देवळात नवरदेव थांबतो, आणि मुलीकडचे वाजंत्री घेऊन तिथे जातात. पाय धुतात, फेटा, नारळ देतात. सीमा डोळ्यांना दिसते, म्हणून आमच्याकडे कोणी श्रीमंत म्हणत नाही.

सदाशिवपेठी:
यात मी शब्दवेडींच्या बाजूने. सीमांतपूजनच. पण शहरात हे सगळं लॉनच्या फाटकात किंवा स्टेजवरच उरकतात. तिथे सीमा कुठली धरायची?

जुना कंपोझिटर:
मांडव सुरू होतो ती.