ढगळ टोपी: घट्टच होते त्याचं काय करायचं?

अगं, तुझी टोपी ढगळ न होता कानटोपीच होते म्हणालीस ना, माझ्या पहिल्या दोन टोप्यांचं अगदी हेच झालं होतं! कारण एकच, नमुना विणून बघायचा कंटाळा. आधी १० सेमीचा चौकोन विण आणि एका ओळीतले टाके मोज. समजा २० आले आणि डोकं ५५ सेमी असेल तर १०० टाके घाल, म्हणजे कपाळावरची पट्टी ५० सेमी होते आणि ताणून नीट बसते. बारीक सुईवर दोन सुलट दोन उलट असं ५ सेमी विणायचं, मग नमुन्याची जाड सुई घेऊन दर पाच टाक्यांमागे एक वाढवायचा, झाले १२०. ढगळपणा खरा इथून येतो, शिवाय उंची २० ऐवजी २६ सेमी ठेवायची, त्यात कंजूषी नको. शेवटी आठ भाग पाडून एकाआड एक ओळीत टाके कमी करत जायचे.

मी हे सगळं ठाणे लोकलमध्ये विणते, सीट मिळाली तर, कारण उभं राहून एकदा कुर्ल्याच्या धक्क्यात अकरा टाके सुईवरून सुटले आणि शेजारच्या काकूंनी माझ्या आधी ते पकडले 😄

आणि मुंबईत लोकरीची टोपी घालणार कोण? मी तरी सुती धाग्याची विणते, फक्त सुती ताणून परत आवळत नाही, म्हणून पट्टीला चार टाके कमीच घाल. उरलेल्या धाग्यात एका संध्याकाळी दोन कोस्टर होतात, क्रोशाने तर अजून पटकन.