टाकीतील प्रवाह वाढवल्यावर बोटुकलीच्या रक्ताचा अहवाल कसा वाचावा?

प्रश्न

आमच्याकडे ३ मीटर व्यासाच्या गोल सिमेंटच्या टाकीत रोहू माशाची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिले, आहेत. लांबी सरासरी ६ सेंटिमीटर. पाणी साचून राहते म्हणून आठवड्यापूर्वी मोठा पंप बसवला. त्यानंतर रक्त तपासून घेतले, तर हिमोग्लोबिन आणि तांबड्या पेशींचे प्रमाण दोन्ही पूर्वीपेक्षा वाढलेले निघाले. ही सुधारणा मानून प्रवाह असाच ठेवावा का? खाणे मात्र कमी झाले आहे, त्यामुळे काळजी वाटते.

पहिले उत्तर

खाणे कमी झाले असताना वाढलेल्या आकड्यावर विसंबू नये. मासा घाबरला किंवा दमला की त्याची प्लीहा (रक्तपेशी साठवणारा पोटातला अवयव) आकुंचन पावते, साठवलेल्या पेशी रक्तात सोडल्या जातात, शिवाय त्या पेशी थोड्या फुगतातही. त्यामुळे नवे रक्त तयार न होताही तांबड्या पेशींचे प्रमाण वाढलेले दिसते. जाळ्यातल्या धडपडीनेसुद्धा हेच घडते, म्हणून दोन्ही वेळा मासे सारख्याच पद्धतीने आणि तितक्याच लवकर पकडले होते का, हे आधी आठवून पाहा. पेशी कशा मोजल्या तेही प्रयोगशाळेला विचारा. माशाच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते, त्यामुळे माणसाच्या रक्तासाठी बनवलेल्या स्वयंचलित यंत्राची मोजणी इथे चुकते. रक्तातील ग्लुकोज (साखर) आणि लॅक्टेट (स्नायू दमले की रक्तात वाढणारा पदार्थ) हेही तपासले असते, तर ताणाचा अंदाज अधिक नीट आला असता.

वेग घरीच मोजता येतो. पोहणाऱ्या पिलांजवळ एक सुकलेले पान सोडा आणि ते १ मीटर जायला किती सेकंद लावते ते पाहा. सेकंदाला शरीराच्या एका लांबीइतका वेग, म्हणजे तुमच्याकडे सुमारे १७ सेकंद, ही सुरुवात करायला सुरक्षित पातळी आहे.

प्रश्नकर्ता

आज सकाळी तीनदा मोजले. पान १ मीटर अवघ्या ५ सेकंदांत जाते. पिले कडेला थांबतच नाहीत. सगळी मधल्या निचऱ्याच्या जाळीभोवती दाटून उभी असतात. पण पंप बंद केला, तर पाणी पुन्हा खराब होईल.

दुसरे उत्तर

म्हणजे सेकंदाला २० सेंटिमीटर, शरीराच्या लांबीच्या तिपटीहून अधिक. एवढ्या लहान पिलांना दिवसरात्र असे पोहायला लावणे योग्य नाही; वाढीसाठी लागणारी शक्ती त्यातच खर्च होते.

पाणी किती बदलते आणि ते किती वेगाने फिरते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंप बंद करू नका, पाइपाचे तोंड फिरवा. सध्या ते भिंतीला समांतर असणार, म्हणून सारे पाणी एकाच दिशेने ढकलले जाते. तोंड थोडे आत वळवले किंवा त्याच पाण्यासाठी भोके पाडलेला उभा पाइप लावला की वेग उतरेल आणि पाणी पूर्वीइतकेच बदलत राहील.

पाणी बदलणे रक्तासाठीही मोलाचे आहे. साचलेल्या पाण्यात नायट्राइट (माशांच्या उत्सर्जनापासून तयार होणारा विषारी पदार्थ) वाढले की ते कल्ल्यांतून रक्तात शिरते, हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहता येत नाही आणि रक्त तपकिरी पडते. तेव्हा पेशींचा आकडा चांगला असूनही मासा गुदमरतो. एका पिलाचे कल्ल्याचे झाकण हलकेच उचलून रंग पाहा. तपकिरी छटा दिसली, तर नायट्राइट मोजून पाण्यातील क्लोराइड (मिठातला एक घटक) त्याच्या निदान दहापट होईल एवढे साधे मीठ घाला.

रक्ताची पुढची तपासणी वेग उतरवून, खाणे पूर्ववत झाल्यावरच करा.