भाजक (२क्ष − १) असला तरी

संश्लेषक भागाकार (बहुपदीचे फक्त सहगुणक मांडून भागायची छोटी रीत) फक्त (क्ष − अ) अशाच भाजकाला चालतो, असं सांगितलं जातं. पुस्तकी व्याख्येपुरतं ठीक, पण (२क्ष − १) समोर आला की लांब भागाकाराकडे वळायची गरज नसते. भाजक शून्य करणारी किंमत म्हणजे १/२ डावीकडे घ्यायची आणि नेहमीसारखं उतरत जायचं: पहिला सहगुणक तसाच खाली, त्याला १/२ ने गुणून पुढच्यात मिळवायचं, आलेल्याचं पुन्हा तसंच. ४क्ष³ − ३क्ष + ५ घ्या. सहगुणक ४, ० (क्ष² चं पद नाही म्हणून), −३, ५. खालच्या ओळीत ४, २, −२ आणि शेवटी ४. आता भागाकाराचे सहगुणक तेवढे २ ने भागायचे: २क्ष² + क्ष − १. बाकीला मात्र हात लावायचा नाही, ती ४ च. (पोरं नेमकी बाकीलाही दोनाने भागतात आणि मग पडताळा जुळत नाही म्हणून वैतागतात.)

दुसरं, क्ष² च्या जागचं ते शून्य. भाचीला शिकवताना तिने ते गाळून ४, −३, ५ एवढंच मांडलं आणि बाकी साडेचार आली. मी आधी तिची बेरीजच तपासत बसलो! शेवटी मूळ बहुपदीत १/२ घालून पाहिलं, अर्धा वजा दीड अधिक पाच, म्हणजे ४. तेव्हा कुठे गाळलेली जागा दिसली. शेष सिद्धांत (भाजक शून्य करणारी किंमत बहुपदीत घातली की येते तीच बाकी) हाताशी असताना बाकी तपासायला अर्धा मिनिटही लागत नाही.

तसं या संश्लेषक भागाकाराला कुणी इंग्रज गणिती हॉर्नरची पद्धत म्हणतं, पण इटलीत ती तिथल्याच रुफिनी या गणितीच्या नावाने शिकवतात. रुफिनीचं लिखाण १८०४ चं, हॉर्नरचं १८१९ चं.